महिनाभरासाठी म्हणून ठरवलेलं: ल्युकेमियाचा म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा उपचार चालू असलेल्या एका घराचं प्रकरण

घर

नागपूरच्या मानेवाडा भागातलं घर. आई, बाबा, बाबांची आई म्हणजे आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलाला इथे ओम म्हणू, मुलीला घरात सगळे ताई म्हणतात म्हणून आपणही ताईच म्हणू. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्या आहेत आणि लिहून झाल्यावर आईबाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली ती केली. मी कॅन्सरचा उपचार चालू असलेल्या मुलांच्या पालकांसोबत काम करते, हे घर मला अगदी सुरुवातीपासून माहीत आहे.

बाबा हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी कामावर, कामावर गेलं तर पैसे, नाही गेलं तर नाही. आई एका खाजगी शाळेत केजीला शिकवायची, पगार कमी पण दर महिन्याला ठरलेला. आईचं माहेर वर्ध्याला, तिथे तिची आई आणि भाऊ.

ओमच्या औषधोपचारात फार वेगळं असं काही घडलं नाही, त्याच्यासारखी पुष्कळ मुलं याच मार्गाने जातात. हे प्रकरण लिहायचं कारण घरातले निर्णय आहेत. पहिल्या आठवड्यात घाईघाईत, महिनाभर निभेल म्हणून केलेली सोय पुढे कितीतरी महिने तशीच चालत राहिली आणि ती बदलायची असते हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, हे मला या घरात फार जवळून दिसलं.

निदानापर्यंत

फेब्रुवारीत ओमचे पाय दुखायला लागले. रात्री उठून रडायचा, आजी तेल चोळून द्यायची. मग ताप, चार दिवस येऊन जायचा, परत यायचा. चेहरा पांढरा पडला, अंगावर निळे डाग दिसायला लागले. विदर्भात मूल पांढरं पडलं आणि हाडं दुखतात म्हटलं की पहिली शंका सिकलसेलची येते, ते बरोबरच आहे, आपल्याकडे तो आजार आहेच. ती टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं आणि टॉनिक घेऊन घरी आले. पुढच्या डॉक्टरांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली, रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली स्वतः पाहिली आणि त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मधे कोणीतरी संधिवात असेल म्हणून स्टेरॉइड सुरू करू म्हणालं होतं, ते झालं नाही हे फार बरं झालं, कारण स्टेरॉइडने ल्युकेमिया तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

मार्चअखेर बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाची तपासणी झाली. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टर नुसतं एएलएल म्हणतात. लहान मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आणि नीट पूर्ण उपचार झाला तर बहुतेक मुलं बरी होतात. डॉक्टरांनी बसवून सगळं समजावलं: पहिला साधारण महिना इंडक्शन, मग काही महिने जोरदार केमो, मग लांबलचक मेंटेनन्स, सगळं मिळून दोन ते अडीच वर्षं. पण आईबाबांच्या डोक्यात राहिलं ते "पहिला महिना महत्त्वाचा" एवढंच. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, ज्याच्या मुलाचं असं निदान आत्ता झालंय त्याला अडीच वर्षं कुठून दिसणार?

पहिल्या आठवड्यात काय काय ठरवायचं होतं

पहिला प्रश्न मुंबईचा. अर्धे नातेवाईक म्हणत होते टाटाला न्या, उशीर करू नका. बाबांनी विदर्भ एक्सप्रेसची तिकिटंही पाहून ठेवली होती आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कोणी ओळखीचं आहे का ते विचारून ठेवलं होतं. दुसरीकडे नागपुरातच मुलांच्या कॅन्सरचा उपचार होतो, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिहानमधलं एम्स आहे. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की एएलएलची औषधं सगळीकडे जवळपास तीच असतात, आणि या उपचारात खरी धावपळ तापाच्या रात्री होते, तेव्हा घरापासून हॉस्पिटल जवळ हवं. रिपोर्ट मुंबईला पाठवून दुसरं मत घेतलं, तेही तेच आलं. नागपूर ठरलं. हा निर्णय नीट विचारून, दोन्ही बाजू पाहून घेतला गेला आणि म्हणूनच तो टिकला.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. अडचण अशी की ओमचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं. बाबांचे दोन दिवस तहसीलच्या रांगेत गेले, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राने म्हणजे योजनेच्या मदतनिसाने कागद लावून दिले आणि काम झालं. योजनेत औषधं बसतात पण रोजचा ऑटो, बाहेरच्या काही तपासण्या, बुडालेली रोजी हे बसत नाही, आणि घर खचतं ते यातच. घरात लहान मूल असेल आणि नाव चढवायचं राहिलं असेल तर आजच चढवा, आजारपण येईपर्यंत थांबू नका.

दुसरा प्रश्न, ओमजवळ कोण राहणार. हे पाच मिनिटांत ठरलं. आईने शाळा सोडायची, बाबांनी काम चालू ठेवायचं. बाबांनी रजा घेऊन पाळीपाळीने राहायचं यावर बोलणंच झालं नाही, आजीला शिकवून तिला एखादा दिवस सोपवायचं यावरही नाही. "महिनाभराचा तर प्रश्न आहे, मी करते ना," आई म्हणाली आणि सगळ्यांनी मान डोलावली.

तिसरा प्रश्न ताईचा. शाळेत कांजिण्यांची साथ होती आणि ताईला कांजिण्या कधी झाल्या नव्हत्या. केमो चालू असलेल्या मुलाला कांजिण्या झाल्या तर जिवावर बेतू शकतं, हे आईने कुठेतरी ऐकलं आणि ते खरंही आहे. पण त्यावर उपाय असतात, डॉक्टरांना विचारून लस ठरवता येते, घरात कोणाला पुरळ दिसलं की लगेच वेगळं ठेवता येतं, ओमचा संपर्क आलाच तर वेळेत औषध देता येतं. डॉक्टरांनी बहिणीला घराबाहेर पाठवा असं म्हटलंच नव्हतं. तरी परीक्षा संपताच ताई वर्ध्याला गेली. सुट्ट्या होत्याच, मामाच्या घरी जायचंच होतं, म्हणून कोणाला ते पाठवणं वाटलंच नाही. तिला सांगितलं, ओमच्या रक्तात इन्फेक्शन झालंय, महिनाभरात बरा होईल.

स्टेरॉइडचे दिवस

एप्रिल नागपूरचा, दुपारी बाहेर पाऊल ठेववत नाही. घरातला कूलर डॉक्टरांनी ओमच्या खोलीतून काढायला लावला, टाकीत साचलेलं पाणी, ओली काडी, धूळ यातली बुरशी पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात जाऊ शकते. जुना एसी हप्त्याने घेतला, तो खर्च कोणी धरलाच नव्हता.

इंडक्शनमध्ये रोज स्टेरॉइड असतं. ओमला अशी भूक लागायची की रात्री दोनला उठून तर्री पोहे मागायचा. बाहेरचं चालत नव्हतं, म्हणून आजी तेवढ्या रात्री चणे शिजवायची, तर्री कमी तिखट करायची, मीठ बेतानं घालायची, आणि पोहे पुढ्यात येईपर्यंत त्याला दुसरंच काही हवं असायचं. चेहरा गोल झाला, पोट पुढे आलं, आणि स्वभाव पार बदलला. एकदा त्याने वाटी आईच्या अंगावर फेकली, "तू घाणेरडी आहे, तू मले टोचायला नेते" म्हणाला. आई बाथरूममध्ये जाऊन रडली. हा राग औषधाचा आहे, औषध थांबलं की उतरतो, हे नर्सने नंतर सांगितलं. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर त्या माउलीने ते स्वतःच्या वाट्याला घेतलं नसतं. आता आमच्या ओळखीतल्या प्रत्येक नव्या पालकाला आम्ही हे पहिल्या भेटीत सांगतो.

महिन्याअखेरच्या बोन मॅरोत रोग दिसला नाही. याला रेमिशन म्हणतात आणि हीच जागा सगळ्यात धोक्याची, कारण मूल हसायला खेळायला लागतं आणि घराला वाटतं की झालं. वर्ध्याची आजी फोनवर म्हणाली, "लेकरू बरं झालं ना बाई, मंग काहून सुया टोचून राहिले त्याले?" तिचं बोलणं मायेचं होतं. पण इथे उपचार सोडलेल्या मुलांचा आजार परत येतो आणि परत आलेला ल्युकेमिया पहिल्यापेक्षा हट्टी असतो. आईबाबा या बाबतीत डगमगले नाहीत, एकही तारीख चुकवली नाही.

पण या महिन्याच्या शेवटी घरात एक बैठक व्हायला हवी होती ती झाली नाही. महिना संपला, आता पुढची दोन वर्षं कशी काढायची, ताई कधी येणार, आईला सुट्टी कोण देणार? कोणी विचारलंच नाही. उलट जून आला तसा ताईचा दाखला काढून वर्ध्याच्या शाळेत नाव घातलं, "वर्ष वाया नको जायला" म्हणून.

तापाची रात्र

तोवर ओमचं सगळं आईच्या डोक्यात होतं. कोणती गोळी कधी, काउंट किती, कोणत्या सिस्टरला फोन करायचा, फाइल कुठे. बाबा पैसे आणायचे, रक्तदाते आणि प्लेटलेटवाले शोधायचे, हॉस्पिटलच्या गेटवर सोडायचे. आत काय चालतं ते त्यांना आईच्या तोंडूनच कळायचं.

जुलैअखेर आई दोन दिवसांसाठी वर्ध्याला ताईकडे गेली, किती तरी दिवसांनी. त्याच रात्री ओमला ताप आला, १०१. बाबांनी क्रोसिन दिलं, ताप ९९ वर आला, त्यांना बरं वाटलं. आईला फोन करावा का असं मनात आलं, पण इतक्या दिवसांनी लेकीजवळ झोपली असेल, कशाला घाबरवायचं, म्हणून नाही केला. पहाटे चारला ओम थरथरायला लागला, हातपाय थंडगार. पाऊस पडत होता, ऑटो मिळेना, शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं.

अशा वेळी पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर शरीराकडे लढायला काही नसतं, इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरतं. म्हणून हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम असतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो पण इन्फेक्शन तसंच राहतं, उलट लपतं. घरी दिलेल्या कागदावर हे सगळं स्पष्ट लिहिलं होतं: ताप १००.४ किंवा वर गेला की गोळी देऊ नका, लगेच या. तो कागद फाइलमध्ये होता, फाइल कपाटात, आणि हॉस्पिटलचा नंबर फक्त आईच्या मोबाईलमध्ये.

ओमला आयसीयूत ठेवावं लागलं. तो त्यातून बाहेर आला, पण केमो पुढे ढकलावी लागली आणि घरातलं बोलणं बंद झालं. नातेवाइकांनी बाबांना नाही नाही ते ऐकवलं. माझं मत वेगळं आहे. ज्या माणसाला कोणी काही शिकवलं नाही त्याने ताप आलेल्या पोराला तापाची गोळी दिली, कोणताही बाप तेच करेल. बिघाड त्या एप्रिलमधल्या पाच मिनिटांच्या ठरवण्यात होता, सगळं एकट्या आईवर सोपवण्यात.

तान्हा पोळा

पोळ्याला ताई दोन दिवस घरी आली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, नागपूरची पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात. ओमला गर्दीत न्यायचं नव्हतं म्हणून घरातच बैल सजवायचा ठरला. आजीने बेगड आणून ठेवली, ओम खाली बसून बैलाच्या शिंगांना चिकटवत होता, टक्कल पडलेलं, तोंडाला मास्क. ताई दारातच उभी. आत येईना. आईला वाटलं घाण वाटते की काय, भीती वाटते की काय, ती जरा रागावलीच, "ये ना गं, भाऊ आहे तो तुझा."

ताई म्हणाली, "मी हात लावला तर त्याला आणखी होईल ना."

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. जानेवारीत सायकलवरून तिने ओमला ढकललं होतं, तो पडला होता, गुडघ्यावर निळं झालं होतं. त्यानंतरच तर ते डाग वाढले आणि तो आजारी पडला. वर्ध्याच्या वर्गातल्या एका मुलीने तिला सांगितलं की तुझ्या भावाला कॅन्सर आहे, तेव्हा तिने मनाशी जुळवलं: मी ढकललं म्हणून त्याला झालं, आणि म्हणूनच मला घरातून पाठवून दिलं. इतके महिने ती हे एकटी घेऊन बसली होती. मामी सांगायची पोरगी फार शहाणी झाली, काही मागत नाही, हट्ट नाही, आणि इथे सगळे खूश होते.

हा आजार मुलाच्या वाट्याला येतो तेव्हा त्याच्या भावंडांच्या मनात हे असं काहीतरी तयार होतंच, मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आपण सांगितलं नाही तर ती स्वतःचं कारण शोधतात आणि बहुतेक वेळा त्यात दोषी स्वतःच असतात.

काय बदललं

पुढच्या ओपीडीला ताईला सोबत आणायला सांगितलं. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून, तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलून सांगितलं की रक्त हाडांच्या आत तयार होतं, तिथे चुकीच्या पेशी वाढल्या, पडल्याने हे होत नाही, कोणाच्या रागाने होत नाही, उष्टं खाल्ल्याने लागत नाही. डाग पडले कारण प्लेटलेट आधीच कमी झाल्या होत्या, तू ढकललं नसतं तरी पडले असते. तिने दोनच प्रश्न विचारले. तो मरेल का, आणि मी घरी कधी येऊ. पहिल्याला डॉक्टर म्हणाले, "बहुतेक मुलं बरी होतात, आम्ही सगळं करून राहिलो, काही बदललं तर तुला खोटं सांगणार नाही." दुसऱ्याचं उत्तर आईबाबांना द्यायचं होतं.

दोन पर्याय होते. वर्ष संपेपर्यंत तिथेच ठेवायचं, शाळा मोडायची नाही. किंवा दिवाळीनंतर परत आणायचं, अर्ध्या वर्षात शाळा बदलायची. मामा पहिल्याच्या बाजूने होता आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. शेवटी आईने ताईलाच विचारलं. ती दिवाळीला सामान घेऊनच आली. तिच्या कांजिण्यांच्या लसीचं आधीच डॉक्टरांशी बोलून करून घेतलं होतं.

बाबांनी एक आड एक ओपीडी स्वतःकडे घेतली, रोजी बुडते ती बुडू दे म्हणाले. पहिल्यांदा एकटे गेले तेव्हा औषधांची नावं आईला व्हॉट्सअॅपवर विचारत होते, हळूहळू जमलं. तापाचा कागद झेरॉक्स करून फ्रिजच्या दारावर लागला, नंबर तिघांच्या फोनमध्ये गेला. आजीला डिजिटल थर्मामीटर शिकवलं. पॉइंटमध्ये तिचा घोळ व्हायचा, म्हणून तिच्यासाठी सोपं ठेवलं: पॉइंटच्या आधी १०० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की गोळी द्यायची नाही, लगेच फोन.

मेंटेनन्स सुरू झाल्यावर गोळ्या घरीच असतात, एक रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून फक्त एकदा. ही आठवड्याची गोळी चुकून रोज गेली तर घातक, आणि जिथे दोघं तिघं औषध देतात तिथे ही चूक होऊ शकते. म्हणून कालनिर्णयवर गुरुवारी लाल गोल आहे, देणाऱ्याने दिली की त्याच्यासमोर ताई टिक करते. गोळीला ती हात लावत नाही, ते काम मोठ्यांचंच, हे आईने पक्कं ठेवलंय आणि मला ते फार योग्य वाटतं. अकरा वर्षांच्या मुलीला सामील करून घ्यायचं पण भाराखाली घालायचं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ताईला एप्रिलमध्येच खरं सांगता आलं असतं, "कॅन्सर" या शब्दासकट, कारण तो तिला कुठूनतरी कळणारच होता. तिला वर्ध्याला पाठवायचंच होतं तर परतायची तारीख सांगून पाठवायला हवं होतं, आणि रोज ठरलेल्या वेळी दोघा भावंडांचा व्हिडिओ कॉल. बाबांना पहिल्या भरतीतच एक पूर्ण दिवसरात्र वॉर्डात ठेवायला हवं होतं, एका दिवसात माणूस किती शिकतो. आणि इंडक्शन संपलं त्या आठवड्यात सगळ्यांनी बसून पहिल्या आठवड्यातलं एकेक ठरवलेलं परत काढायला हवं होतं, हे चालू ठेवायचं का, किती दिवस, कोणाला जड जातंय. आम्ही आता पालकांना प्रत्येक टप्पा बदलला की हे करायला सांगतो, अर्ध्या तासाचं काम असतं.

आईचं काय व्हायला हवं होतं यावर आईचं आणि माझं एकमत नाही. मला वाटतं तिने बिनपगारी रजा तरी मागून पाहायला हवी होती. ती म्हणते त्या दिवसांत मला शाळेचं तोंड पाहवलं नसतं, दुसऱ्यांची पाच वर्षांची पोरं समोर बसलेली. यावर मी काही बोलू शकत नाही.

सध्या

ओम मेंटेनन्सवर आहे, केस आलेत, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, तेव्हा त्याला पहिलीत पाठवायचं असं ठरलंय. वर्गात कोणाला कांजिण्या, गोवर निघाली तर त्याच दिवशी फोन करा, असं बाईंना लिहून दिलंय. ताईचं आणि त्याचं पूर्वीसारखंच भांडण चालतं. एसीचे हप्ते अजून फिटायचे आहेत. आईच्या जुन्या शाळेतून केजीसाठी विचारणा आलीय. आजी म्हणते जा, मी आहे. बाबा म्हणतात आणखी सहा महिने थांब. येत्या ओपीडीनंतर त्यावर बसून बोलायचं ठरलंय, या वेळी ताईलाही घेऊन.